उभे राहण्याचा ऋतू

होळी उलटली की हिंदी मुलखातल्या आमच्या कारखान्याच्या वसाहतीच्या रस्त्यांना कंठ फुटतो. एरवी हे रस्ते अबोल. रुंद, सरळ, सरकारी पट्टीने आखलेले. पण फाल्गुन सरू लागला की शिरीष, पिंपळ, कडुनिंब आपापली पाने खाली सोडतात, आणि त्या कोरड्या पानांवरून जाणाऱ्या प्रत्येकाची चाल ऐकू येऊ लागते. कोण घाईत आहे, कोणाचा गुडघा दुखतो, कोण घरी पोहोचायला मुद्दाम उशीर करतो आहे, सारे पाने सांगून टाकतात. शिरिषाच्या वाळक्या शेंगा वर खुळखुळत असतात. काटेसावरीचे फूल मात्र पानासारखे तरंगत येत नाही. ते जड, मांसल, लाल फूल धप्पकन पडते, कणकेचा गोळा परातीत टाकावा तसे. लहानपणापासून हा माझ्यासाठी परीक्षेचा आवाज आहे.

मी आता रस्त्यापलीकडे, अवधपुरी नावाच्या वस्तीत राहते. कारखान्याचे क्वार्टर बाबांच्या निवृत्तीबरोबर सुटले, पण संध्याकाळचे पाय आपसूक वसाहतीकडे वळतात. तिथली निम्मी घरे रिकामी आहेत. पिवळ्या भिंतींच्या भेगांतून पिंपळाची रोपे वर आली आहेत, आणि दारांवरचे काळे क्रमांक मात्र कोणी येईल या भरवशावर अजून ठळक आहेत. आमच्या जुन्या अंगणातला कडुनिंब यंदा पुन्हा तांबूस पालवीने भरला आहे. त्याच्या बुंध्याला गंजलेल्या तारेचा एक तुकडा रुतलेला आहे. ती तार कशाची, हे सांगणारी माणसे आता फार नाहीत. मी त्यांपैकी एक आहे, म्हणून सांगते. पण आधी यंदाचे.

यंदा पानगळ सुरू झाली आणि निखिलचा फोन आला. निखिल वैद्य आमच्या मराठी मंडळाचा चिटणीस. अयोध्या नगरात राहतो, घरूनच संगणकावर काम करतो, आणि बोलताना मराठीतून हिंदीत कधी शिरला हे त्याचे त्यालाही कळत नाही.

“काकू, पाडव्याचं परवाचन यंदा ग्रुपवरच घेऊन टाकू या का? हॉलची किल्ली, खुर्च्या, माइक... कितना झंझट! लोक घरबसल्या वाचतील, अंगठा दाखवतील, झालं.”

“नाही,” मी म्हणाले.

“अहो, निदान ऐकून तर घ्या!”

“ऐकते की. पण नाहीच.”

तो हसला, आणि मग जरा सावरून म्हणाला, “बरं, मग कार्यकारिणीचं म्हणणं सांगतो. यंदा हॉलमध्ये शेवटचं करून बघा. लोक आले, कागद आले आणि उठणारे उठले, तर पुढेही हॉल. नाही उठले, तर पुढच्या वर्षापासून सगळं ग्रुपवर. मंज़ूर?”

“मंजूर.”



‘उठणारे उठले’ या दोन शब्दांत आमच्या मंडळाचा सारा प्राण आहे. वसाहत वसली तेव्हा नागपूर, ग्वाल्हेर, इंदूर, उज्जैन, पुणे अशा ठिकाणांहून मराठी माणसे कारखान्यात आली, आणि मंडळ स्थापन होताच खरी मराठी कोणाची यावरून भांडण जुंपले. ग्वाल्हेरकरांची अदब पुणेकरांना दिखाऊ वाटे. नागपूरकरांच्या हेलाने इंदूरकरांना हसू येई. तेव्हा जुन्या मंडळींनी एक युक्ती काढली. पाडव्याच्या संध्याकाळी ज्याने त्याने आपले एक पान, नाव न घालता, पेटीत टाकायचे. अक्षरावरून ओळख पटू नये म्हणून एकाच हाताने सगळ्यांच्या प्रती काढायच्या. मग ज्याच्या हाती जे पान येईल ते त्याने सभेत वाचायचे. स्वतःचेच आले तर परत पेटीत. म्हणून त्याचे नाव परवाचन. वाचून संपले की वाचणारा विचारतो, “हे कोणाचं?” आणि ज्याचे असेल तो जागेवर उभा राहून म्हणतो, “माझं.” टाळ्या त्यानंतर. कोणी उठलेच नाही तर पानाची घडी होते आणि ते पेटीत परत जाते. कितीही सुंदर असले तरी टाळीविना.

एवढासा नियम. पण मी आयुष्यभर जे साहित्यशास्त्र शिकले आणि शिकवले, ते सारे या नियमाशी वाद घालत आले आहे.

ज्या वसंताविषयी लिहायला बसले, तो माझ्या एम.ए.च्या शेवटच्या वर्षाचा. वसाहतीत केबल नुकती आली होती. जाळी-टॉवर, खांब असले काही नव्हते. एका झाडाच्या बुंध्यावरून दुसऱ्या झाडाच्या बुंध्यावर अशी काळी तार साऱ्या गल्लीतून फिरवलेली होती. आमच्या कडुनिंबात रुतलेला तुकडा त्याच तारेचा. संध्याकाळी त्या तारेवर बुलबुल बसत आणि तिच्यातून पन्नास गावांचे आवाज वाहत. मी मागच्या खोलीत अभ्यास करी. खिडकीतून वाळक्या पानांच्या धुराचा वास येई, पुढच्या खोलीतून जाहिरातींची टिंगल करणाऱ्या जाहिराती ऐकू येत, गाण्यांची विडंबने, विडंबनांची विडंबने. सगळ्यांनाच सगळ्याची थट्टा करण्याची एक धुंदी चढली होती. आणि माझ्या पुढ्यातले पुस्तक नेमके त्याच धुंदीला नाव देत होते: उत्तर-आधुनिकता. आमचे सर खडूचे बोट हवेत नाचवीत सांगत, लिहून झाले की लिहिणाऱ्याचे काम संपले. मागे उरतो तो मजकूर, आणि मजकूर हे उसन्या सुतांचे कापड. कोणाचे म्हणून काही नसते. हे ऐकताना अंगावर शहारा येई. वाटे, किती मोकळे करणारे आहे हे! आपलेही काही नाही, म्हणजे आपल्यावर कसला भारही नाही.

बाबा तेव्हा कारखान्यात विजेच्या मोटारींच्या गुंडाळणीवर होते. तांब्याच्या तारेला पट्टी गुंडाळून वार्निशमध्ये बुडवायची, भट्टीत भाजायची. त्यांच्या सदऱ्याला, केसांना, उशीला त्या वार्निशचा गोडसर, डोके जड करणारा वास असे. पाळी दर आठवड्याला बदलत असे. कधी सकाळची, कधी दुपारची, कधी रात्रीची. आणि त्या पाळ्यांवर भोंग्याचे राज्य होते. भोंगा वाजला की सायकलींचा लोंढा फाटकाकडे वाहू लागे, कुकरच्या शिट्ट्या थांबत, कुत्री मान वर करून सुरात सूर मिळवीत. भोंग्याला वसाहतीत कोणी प्रश्न विचारला नव्हता. सूर्याला कोण विचारतो?

त्या वर्षीच्या पाडव्याला परवाचनात एक पान पटवर्धन साहेबांच्या हाती आले. पटवर्धन साहेब बाबांच्या विभागाचे मुख्य. पुण्याकडचे, गोरे, इस्त्रीची घडी न मोडणारे, आणि प्रत्येक अक्षर धुऊन-पुसून उच्चारणारे. बाबांची पाळी कोणती हे त्यांच्या सहीने ठरे. त्यांनी चष्मा नाकावर सरकवला आणि वाचू लागले.

“भोंगा वाजतो तेव्हा साऱ्या वसाहतीला वाटते की कारखाना जागा झाला. त्याच्या किती आधी एक बाई जागी झालेली असते. तिचा भोंगा कोण वाजवते?”

हॉलमध्ये कोणीतरी खुदकन हसले.

“आमच्या घरात तीन पाळ्या आहेत. घरधनी एका पाळीत असतात, मी तिन्हींत. रात्रपाळीचा माणूस दिवसा झोपतो, म्हणून मी दिवसा भांडी वाजवत नाही, पोरांना ओरडत नाही, गाणे म्हणत नाही. लोक विचारतात, तुम्ही घरीच असता ना? होय बाप्पा, मी घरीच राहून राहिली. माझी झोप कारखान्याच्या नावावर आहे. पण कारखान्यात माझे नाव कुठेच नाही.”

‘राहून राहिली’ हे शब्द साहेबांच्या तोंडी असे काही आले की मागच्या रांगेत हशा पिकला. पण पुढच्या वाक्याशी तो विरला. मी बायकांच्या बाजूला बसले होते. मला दिसत होते की माझ्या आजूबाजूची प्रत्येक बाई खाली मान घालून पदराचे टोक बोटाला गुंडाळते आहे. त्या क्षणी पान खरोखर कोणाचेच नव्हते, म्हणून ते सगळ्यांचे होते. माझ्या मनात आले, सर म्हणतात ते हेच! लिहिणारा नाहीसा झाला आणि मजकूर साऱ्या हॉलभर पसरला.

वाचून झाले. साहेबांनी कागदावरून वर पाहिले. “हे कोणाचं?”

पंखे फिरत होते. कोणी हलले नाही. मी कल्पना करीत होते ती कोणा धीट, शहरी बाईची. साहेबांनी पुन्हा विचारले, जरा हळू आवाजात, जणू त्यांनाच आता उत्तर नको होते. “हे... कोणाचं आहे?”

माझ्या शेजारची खुर्ची करकरली. आई उठत होती. माझी आई, नागपूरच्या महाल भागातली, जिला मी वाण्याच्या पिशवीवरचा मजकूर वाचण्यापलीकडे काही वाचताना पाहिले नव्हते. तिने पदर खांद्यावरून पुढे ओढून घेतला. बांगड्या एकदा वाजल्या आणि थांबल्या.

“माझं,” ती म्हणाली.

पुरुषांच्या बाजूला बाबा बसले होते. त्यांच्याकडे पाहण्याचा मला धीर झाला नाही. साहेबांनी चष्मा काढला. “वहिनी, पाळ्यांचा तक्ता मी करतो. ठाऊक आहे ना तुम्हाला?”

“ठाऊक आहे म्हणूनच उठली. दुसऱ्या कोणी वाचलं असतं तर बसून राहिली असती कदाचित.”

आधी हशा आला, मग टाळ्या; आणि टाळ्या वाजवणाऱ्यांत पहिले हात पटवर्धन साहेबांचे होते.

पाळ्या बदलल्या नाहीत. एका पानाने पाळ्या बदलत नसतात. पण त्या संध्याकाळी पानांतून चरचरत घरी जाताना बाबा एकदम म्हणाले, “साहेबांच्या हाती आलं ते बरंच झालं. माझ्या हाती आलं असतं तर दोन ठिकाणी अडलो असतो.”

“कुठे?” आईने विचारले.

“ते नाही सांगत.”

त्यानंतर रात्रपाळीहून येताना बाबा सायकल भिंतीवर आपटत नसत. उचलून, दोन्ही हातांनी, अलगद टेकवत. दारामागून येणारा तो न झालेला आवाज मला अजून ऐकू येतो.

आणि माझे शास्त्र? ते त्या संध्याकाळी अर्धे खरे ठरले आणि अर्धे उघडे पडले. पान वाचले जात होते तोवर लिहिणाऱ्याची गरज नव्हती, हे खरे. पण ती उठली नसती तर ते पान एक सुरेख तक्रार म्हणून घडी होऊन पेटीत गेले असते. ज्याच्या सहीने झोप ठरते त्याच्या डोळ्यांत पाहून कोणीतरी ‘माझं’ म्हणाले, तेव्हा त्या शब्दांना वजन आले. काटेसावरीच्या फुलाचे वजन. परीक्षेत मी दोन्ही बाजू मांडल्या. गुण बेताचेच पडले.

तेव्हा पाठ्यक्रमात उत्तर-आधुनिकता हे शेवटचे स्टेशन होते; पुढे रूळच टाकलेले नव्हते. आता मी स्वतः महाविद्यालयात शिकवते आणि रूळ पुढे गेले आहेत, पण गाड्या कुठे जातात याविषयी एकमत नाही. मागच्या महिन्यात वर्गात रुखसार नावाच्या मुलीने विचारले, “मैम, इसके बाद क्या आता है? मतलब, हम लोग किसमें रहते हैं?”

मी सांगितले की अभ्यासकांनी बरीच नावे सुचवली आहेत. कोणी म्हणतो, हा झोपाळ्याचा काळ आहे. मन थट्टेकडे जाते, लगेच श्रद्धेकडे येते, आणि दोन्ही टोकांना ते खरेच असते. कोणी म्हणतो, हा अपूर्ण मजकुराचा काळ. पडद्यावरचे लिखाण कधी संपत नाही, वाचणाऱ्याचे बोट ते पुढे ढकलत राहते. कोणी म्हणतो, प्रामाणिकपणा परत आला आहे, पण आता तोही आरशासमोर तालीम करून येतो.

“मैम,” रुखसार म्हणाली, “इसका मतलब, किसी को पता नहीं.”

वर्ग खो खो हसला. मीही हसले. पण तिचा ‘किसमें रहते हैं’ हा प्रश्न माझ्याबरोबर घरी आला. काळात राहतात, घरात राहावे तसे. त्या घराला खिडकी कुठे आहे, दार कुठे, वारा कुठून येतो? माझ्या तारुण्यातल्या घराला वार्निशचा वास होता, सायक्लोस्टाइल केलेल्या प्रश्नपत्रिकांच्या शाईचा वास होता. आता सारे शब्द एका काचेवर येतात आणि काचेला वास नसतो. अंगठा एकदा सरकवला की विनोद, पुन्हा सरकवला की कोणाचे तरी निधन, तिसऱ्यांदा कैरीच्या लोणच्याची कृती. हसू ओठांवरून उतरण्याआधी डोळे भरतात आणि डोळे पुसण्याआधी भूक लागते. भावना खोट्या असतात असे मी म्हणणार नाही. त्यांना बसायला जागा मिळत नाही, एवढेच.

मागच्या वर्षी हॉलची दुरुस्ती चालू होती म्हणून परवाचन ग्रुपवर झाले होते. जात्यावर दळणाऱ्या एका आईविषयीचा मजकूर आला. सुरेख होता. भराभर हात जोडले गेले, अश्रू ओघळले, पिवळे चेहरे रडू लागले. सगळ्यांचे झाल्यावर मी नियमाप्रमाणे लिहिले, ‘हे कोणाचं?’

मग एकीने लिहिले, ‘मला जसं आलं तसं पुढे पाठवलं.’ दुसऱ्याने, ‘मलाही भाच्याकडून आलं होतं.’ तिसऱ्याने, ‘हल्ली यंत्रालाही सांगितलं की लिहून देतं म्हणे.’ आणि मग निखिलने समजुतीच्या सुरात, ‘छान आहे ना काकू, बस. किसका है, क्या फ़र्क पड़ता है?’

रुखसारच्या प्रश्नानंतर एका दुपारी मी तो मजकूर पुन्हा शोधून आईला मोठ्याने वाचून दाखवला. आई आता माझ्याचकडे असते. गुडघे गेले आहेत, जीभ शाबूत आहे. तिने डोळे मिटून ऐकले. “ही बाई कधी दळायला बसलीच नाही,” ती म्हणाली. “घरघर, घरघर लिहून राहिली नुसती. खांदा दुखला का कुठे? दळणाऱ्या बाईला घरघर ऐकू येत नाही, खांदा ऐकू येतो.”

मी दचकले ते तिच्या तीक्ष्णपणामुळे नाही. सरांचे जुने वाक्य माझ्यासमोर पूर्ण साकार होऊन उभे होते, म्हणून दचकले. लिहिणारा नाहीसा झाला होता. फक्त तो नाहीसा झाल्याने कोणी मोकळे झाले नव्हते. कोणाला काही द्यावे लागले नव्हते, कोणाचे काही पणाला लागले नव्हते, आणि डोळे तरीही भरले होते. माझ्या पिढीने ‘कोणाचे म्हणून काही नसते’ हे हट्टाने मांडले, कारण आमच्यावर फार मालक होते. यंत्राला ते हट्टाने मांडावे लागत नाही. त्याचा तो स्वभाव आहे. म्हणून रुखसारला द्यायचे उत्तर मला त्या दुपारी सापडले. ज्या काळात शब्द कोणाचेच नाहीत, त्या काळानंतरचा काळ कोणीतरी उभे राहण्याचा असतो. तो आपोआप येत नाही. दर वेळी खुर्ची मागे सारून आणावा लागतो.

म्हणून यंदा मी ठरवले. हॉल मिळवायचा, खुर्च्या पुसायच्या, पेटी मांडायची.

वसाहतीच्या कार्यालयातून किल्ली आणली तेव्हा दुरुस्तीनंतर बंदच राहिलेल्या हॉलमध्ये कबुतरांची वस्ती होती. निखिल आणि मी खिडक्या उघडल्या. धुळीत उन्हाचे तिरपे खांब उभे राहिले. झाडता झाडता तो म्हणाला, “काकू, एक सांगू? वाईट नका मानू. तुमची सई बंगळुरूला. माझा भाऊ पुण्यात. सोमणकाकांचा मुलगा तर परदेशात. यांनी लिहिलं तर उठायचं कुठे?”

सई माझी मुलगी. पडद्यावरच्या खिडक्या आणि बटणे कशी दिसावीत, लोकांचे बोट कुठे थांबावे, हे ठरवण्याचे काम ती करते. मराठी बोलते, पण लिहायची वेळ आली की फोनपुढे बोलते आणि फोन लिहितो.

मी केरसुणी थांबवली. प्रश्न रास्त होता.

“टीव्ही लावू या,” तो म्हणाला. “माझा मोठा टीव्ही आणतो. बाहेरगावचे त्यावर दिसतील. कागदही माझ्या फोनवर येऊ द्यात. नावं काढून मी एकाच टायपात छापतो. आधी एकच हात प्रती काढायचा ना? समजा माझा प्रिंटर हाच तो हात.”

“आणि मजकूर यंत्राचा आला तर?”

“तर कोणी उठणार नाही,” तो म्हणाला, “आणि तुम्ही हराल, काकू.”

त्याच्या बोलण्यात खोच होती, पण कुचकेपणा नव्हता. मी टीव्हीला हो म्हटले. आईला सांगितले तेव्हा ती म्हणाली, “टीव्हीतल्या लोकांना चहा कोण देणार?”

पाडव्याची संध्याकाळ आली. दारात गुढी होती, तिच्या पायाशी कडुनिंबाची फुले. खुर्च्या भरतील असे वाटले नव्हते, बहुतेक भरल्या. काही म्हातारे नातवंडांच्या खांद्यावर हात ठेवून आले. स्टेजच्या कडेला निखिलचा टीव्ही होता आणि त्यात चौकोनाचौकोनांतून बाहेरगावची तोंडे: कोणाच्या मागे पंखा, कोणाच्या मागे पुस्तके, कोणी नुसतेच कपाळ. सईच्या चौकोनात तिची पांढरी भिंत होती आणि ती चिवडा खात होती.

पाने वाचली जाऊ लागली. पहिले होते पोह्यांवर, दुसरे मेलेल्या कुत्र्यावर. विचारले की माणसे उठत होती. कोणी लाजत, कोणी खुर्चीचा आधार घेत. माझेही पान झाले, मीही उठले. मग एक गोंडस पान आले, प्रत्येक वाक्य दुसऱ्याइतके गुळगुळीत. “हे कोणाचं?” कोणी उठले नाही. पुन्हा विचारले. पंखे फिरत राहिले. पान घडी होऊन पेटीत गेले. आणखी एक तसेच गेले. निखिलने माझ्याकडे पाहिले. त्याच्या डोळ्यांत विजय नव्हता, उलट थोडी भीती होती. त्याचे आजोबा या हॉलमध्ये कित्येकदा उभे राहिलेले होते.

शेवटचे पान आईच्या हाती आले. तिला उठणे अवघड, म्हणून तिने बसूनच वाचायला घेतले. अक्षरे मोठी छापलेली होती, तरी ती बोट ठेवून वाचत होती.

“माझ्या गावात मोठा भोंगा होता म्हणतात. मी तो ऐकला नाही. माझा भोंगा माझ्या उशीखाली असतो. तो वाजत नाही, थरथरतो. तो मला उठवतो, झोपू देत नाही, हसवतो, लाजवतो. आणि सर्वांत वाईट म्हणजे असे भोंगे बनवण्याचे कामच मी करते. लोकांचा अंगठा थांबू नये म्हणून मला पगार मिळतो.”

आईचे बोट ओळीवर थांबले. ती पुढे सरकली.

“ज्या बायकांची झोप कारखान्याच्या नावावर होती, त्यांना निदान कारखाना कुठे आहे ते माहीत होते. अंगणातून त्याची चिमणी दिसत होती. सही करणारा साहेब पाडव्याला समोर बसत होता. माझ्या झोपेवर कोणाची सही आहे? त्याचे तोंड मी कधीच पाहिले नाही. कधीकधी वाटते ते माझेच असेल. उद्या कामावर मी हेच बोलणार आहे. त्याआधी एकदा इथे बोलून बघते.”

वाक्ये ओबडधोबड होती. एका ठिकाणी फोनने काहीतरी भलतेच छापले होते आणि ते तसेच राहिले होते. बाहेर काटेसावरीचे एक फूल पडले, तेही हॉलमध्ये ऐकू आले.

आईने कागद मांडीवर ठेवला. तिच्या लक्षात आले की नाही, मला सांगता येणार नाही. तिचा चेहरा वाचणे मला कधीच साधले नाही. तिने विचारले, “हे कोणाचं?”

कोणी हलले नाही. मागून कोणीतरी पुटपुटले, “तेही मशीनचंच असेल.” मला ठाऊक होते की मी काही बोलू शकत नाही. दुसऱ्याच्या वतीने उठता येत नाही. नियम त्यासाठीच आहे.

“हे कोणाचं?” आईने पुन्हा विचारले, पूर्वी एकदा तिला विचारले गेले होते तेवढ्याच हळू आवाजात.

टीव्हीतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. सगळ्या माना तिकडे वळल्या. सईच्या चौकोनात ती उठत होती. उठता उठता तिचे तोंड चौकटीच्या वर निघून गेले, मग गळा गेला, आणि पडद्यावर उरला तो फक्त निळा कुर्ता, पोटापाशी घट्ट धरलेले दोन हात आणि भिंतीवर लोंबणारी चार्जरची तार.

“माझं,” त्या कुर्त्यामागून आवाज आला. “मी लिहिलंय.”

“कोण बाई ती?” आई डोळे बारीक करून म्हणाली. “डोकं कुठं गेलं हिचं?”

“आजी, मी आहे, सई!”

हॉल हसला, मोकळे, भरलेल्या डोळ्यांनी. निखिल टीव्हीजवळ धावला. “सई, कॅमेरा वर कर ना थोडा! या फिर बैठ जा, चेहरा दिखेगा!”

“नाही,” कुर्ता म्हणाला. “आई सांगते, उभं राहायचं असतं.”

तिच्या बोटांची पेरे पांढरी झालेली दिसत होती. टाळ्या सुरू झाल्या, आणि त्या थांबेनात. निखिलही वाजवत होता, केरसुणी धरलेल्या त्याच हातांनी. आईने मांडीवरचा कागद उचलून छातीशी धरला आणि त्या मस्तक नसलेल्या मुलीकडे पाहत, साऱ्या हॉलला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली,

“बसू नको, पोरी. उभी राहा तशीच. आम्ही बघून राहिलो.”